वाचकांचे प्रश्न : बेटावरचे मिशन-घर

मागील अंकात पाण्याच्या दुर्भिक्ष्याविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना दक्षिण पॅसिफिक महासागरातील आनिवा बेटावरच्या विहिरीचा आणि ती खोदणाऱ्या पेटन दांपत्याचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. एकाच विषयावरचे प्रश्न असल्यामुळे या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : धर्मप्रसारक म्हटले की प्रवचन करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. प्रवचन आठवड्यातून एक दिवस. उरलेले सहा दिवस हे नवराबायको त्या बेटावर नेमके काय करीत असत?

उत्तर : पहिले काही महिने तरी धर्मप्रसारकाच्या हातात बायबलपेक्षा कुऱ्हाड आणि करवतच जास्त वेळ असे. स्कॉटलंडचे जॉन गिब्सन पेटन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट १८६६ च्या नोव्हेंबरात आनिवावर राहायला आले. ज्या द्वीपसमूहाला तेव्हा न्यू हेब्रिडीज म्हणत आणि जो १९८० साली वानुआतू या नावाने स्वतंत्र झाला, त्याच्या दक्षिण भागातले हे बेट म्हणजे समुद्रातून वर उचलला गेलेला प्रवाळखडकाचा एक बुटका तुकडा. लांबी जेमतेम सात मैल, रुंदी दोन मैल. शेजारच्या टान्नावर ज्वालामुखी आणि उंच डोंगर आहेत, आनिवावर मात्र डोंगर नाही, नदी नाही, साधा ओढाही नाही.

घरासाठी बेटवासीयांनी दाखवलेली जागा ही मुद्दाम निवडलेली होती. त्या टेकाडावर देवांचा शाप आहे, तिथे परका माणूस राहिला की आपोआप मरेल, असा त्यांचा हिशेब होता. टेकाड सपाट करताना माणसांची हाडे दोन टोपल्या भरतील इतकी निघाली, असे पेटन यांनी लिहून ठेवले आहे. प्रवाळाचे दगड भट्टीत भाजून चुना करायचा, त्याने भिंती लिंपायच्या, उसाच्या पाल्याने छप्पर शाकारायचे, आणि हे सारे दोन खोल्यांपासून सुरू करून जमेल तसे वाढवत न्यायचे, असा तो संसार होता. पुढे अनाथ मुलामुलींसाठी निवारे उभारले गेले, शाळा झाली, चर्च झाले, चक्रीवादळाने पाडले तेव्हा ते पुन्हा बांधावेही लागले.

बेट मिशनच्या वळणाला लागल्यानंतरचा दिवस पहाटे सुरू होई. तांबडे फुटताच गावोगावी 'तवाका' नावाचा लाकडी नगारा वाजे आणि लहानथोर सगळे शाळेत जमत. शाळा तास-दीड तासाची. ती संपली की मंडळी समुद्रात आंघोळ करून, खाऊन आपापल्या मळ्यांत जात, आणि दुपारी तीनच्या सुमारास घंटा झाल्यावर पुन्हा शाळा भरे. मधल्या वेळात मिशन-घराच्या ओसरीवर औषधे मागायला येणारे, भांडण मिटवायला येणारे आणि नुसतेच बघायला येणारे यांची ये-जा चालू असे. पेटन यांनी ग्लासगोत थोडेफार वैद्यकीय शिक्षण घेतलेले होते. ते किती अपुरे आहे हे बेटावर आल्यावर वारंवार कळत असणार, पण जखम धुणे, पट्टी बांधणे, तापात पाणी पाजणे एवढे करणाराही तिथे दुसरा कोणी नव्हता.

मार्गारेटबाईंच्या वर्गात सुमारे पन्नास बायका आणि मुली शिवणकाम शिकत, टोप्या विणत आणि वाचायला शिकत. कापड बेतून आपला झगा आपण शिवणे, पुरुषांचे सदरे शिवणे इथपर्यंत त्यांची मजल गेली. उपासनेतल्या गायनाची बाजूही बाईंकडेच होती, आणि हार्मोनियमही त्याच वाजवीत.

रविवारी चूल पेटवायची नाही असा नियम झाल्यामुळे शनिवारला बेटावर 'स्वयंपाकाचा वार' असेच नाव पडले. त्या दिवशी घरोघरी खड्ड्यात दगड तापवून त्यावर दुसऱ्या दिवसाचे कंद भाजून ठेवले जात. धर्म बदलला याची खूण अनेकदा उपासनेत शोधली जाते. मला ती या वाराच्या नावात अधिक स्पष्ट दिसते.

प्रश्न : विहिरीची गोष्ट खरी की रचलेली? चारी बाजूंनी समुद्र आणि खाली भोकाभोकांचा खडक असताना गोडे पाणी लागणे हा चमत्कारच नव्हे काय?

उत्तर : गोष्ट खरी आहे आणि चमत्काराविनाही ती पुरेशी मोठी आहे. आनिवाचे लोक साठवलेले पावसाचे पाणी आणि शहाळ्याचे पाणी पीत. मिशन-घराला एवढ्याने भागेना, म्हणून पेटन यांनी घराजवळ रस्त्याच्या कडेला खोदायला सुरुवात केली. पाऊस वरून पडतो, तो खालून कसा येईल, या बेटवासीयांच्या प्रश्नाला त्यांच्याजवळ पटेल असे उत्तर नव्हते. म्हाताऱ्या नामाकेई या सरदाराला तर मिसीचे डोके फिरल्याची खात्री झाली ('मिसी' म्हणजे मिशनरी, हा बेटावरचा रूढ शब्द). पेटन यांनी मजुरी म्हणून मासे धरायचे गळ देऊ केले : तीन बादल्या माती काढा, एक गळ घ्या. काम काही दिवस चांगले चालले. मग सुमारे बारा फूट खोलीवर एका रात्री खड्ड्याची एक बाजू ढासळली आणि त्यानंतर कोणीही आत उतरायला तयार होईना.

तेव्हा ठरले ते असे. खाली पेटन एकटे खणणार आणि बादली भरली की हातातली लहान घंटा वाजवणार. वरचे लोक कप्पीवरून दोर ओढून बादली रिकामी करणार. असे रोज, दिवसच्या दिवस. तीस फुटांच्या आसपास माती आणि प्रवाळ ओलसर लागू लागले. पाणी खारे निघेल ही धास्ती सर्वांत जास्त त्यांनाच होती, कारण समुद्र किती जवळ आहे हे त्यांना ठाऊक होते. शेवटी तळाशी एक लहान भोक पाडले, त्यात पाणी वर आले, त्यांनी चाखून पाहिले आणि ते गोडे होते. किंचित मचूळ, पण पिण्याजोगे. वर आणलेले पाणी नामाकेईने आधी हलवून पाहिले, मग बोट बुडवले, मग जिभेवर घेतले. बाकीच्यांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली आणि एकेक जण काठावरून वाकून खाली बघून आला.

आता यामागचे कारण. सच्छिद्र प्रवाळातून झिरपलेले पावसाचे पाणी खाली जाऊन समुद्राच्या पाण्यात लगेच मिसळत नाही. ते हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराचा थर करून तरंगत राहते. दोन्ही पाण्यांच्या घनतेत साधारण अडीच टक्क्यांचा फरक असतो, त्यामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी बादोन घायबेन आणि हर्झबर्ग यांनी हे सूत्र मांडले. भिंगाचा थर बेटाच्या मध्याकडे जाड आणि किनाऱ्याकडे पातळ असतो. शिवाय खडकातल्या भेगा सगळीकडे सारख्या नसतात. पुढे बेटवासीयांनी स्वतः सहा-सात ठिकाणी खोदून पाहिले, तेव्हा कुठे कठीण खडक लागला, कुठे खारे पाणी. पेटन यांच्या विहिरीतले पाणी भरती-ओहोटीबरोबर चढते-उतरते हे त्यांनीच नोंदवले आहे, आणि तरंगत्या थराची तीच खूण आहे. थोडक्यात, तत्त्व निसर्गाचे, जागा नशिबाची आणि तीस फूट मेहनत माणसाची.

नामाकेईने मात्र आपला निष्कर्ष वेगळा काढला. पुढच्या रविवारी तो स्वतः बोलायला उभा राहिला आणि न दिसणारे पाणी जर जमिनीत होते तर न दिसणारा देवही असला पाहिजे, अशा अर्थाचे त्याने सांगितले. त्यानंतर लोक आपापल्या मूर्ती मिशन-घरी आणून टाकू लागले. २४ ऑक्टोबर १८६९ रोजी आनिवावर पहिले प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाचा ख्रिस्ती विधी) झाले.

प्रश्न : पेटन यांनी लाकडाच्या ढलपीवर दोन ओळी खरडून सरदाराच्या हाती पत्नीकडे पाठवल्या आणि 'बोलणारे लाकूड' पाहून तो थक्क झाला, असे वाचले. हे खरे का?

उत्तर : पेटन यांनी ते आपला अनुभव म्हणून सांगितले आहे. घर बांधताना खिळे आणि हत्यार हवे होते, कागद जवळ नव्हता, म्हणून त्यांनी ढलपीवर लिहिले. परंतु जवळजवळ हीच हकीकत जॉन विल्यम्स या आधीच्या मिशनऱ्याने त्याआधी कितीतरी वर्षे रारोटोंगा बेटाच्या संदर्भात लिहिलेली आहे. सुताराच्या हाताशी ढलपी असतेच आणि निरोप पाठवायची गरजही पडतेच, तेव्हा प्रसंग दोनदा घडला असणे अशक्य नाही. फक्त दुसऱ्यांदा सांगताना पहिल्याची सावली पडली असेल, एवढी शंका ठेवून वाचावे.

प्रश्न : आपण 'दांपत्य' म्हणता, पण सगळीकडे नाव पतीचेच दिसते. पत्नीच्या वाट्याला काय होते?

उत्तर : या एका भगिनींच्या पत्राने खरे म्हणजे या सदराचा रोख ठरवला.

पेटन यांचे आत्मचरित्र १८८९ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि इंग्रजी जगात ते खूप गाजले. मार्गारेटबाईंनी घरच्यांना लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक १८९४ साली निघाले. दोन्ही पुस्तके एकाच माणसाने, म्हणजे पेटन यांच्या धाकट्या भावाने, संपादित केली. दोन्ही एकापाठोपाठ एक वाचली की एक गोष्ट लक्षात येते : पती घटना सांगतात, पत्नी दिवस सांगतात. सभांतून निधी गोळा करण्याची सवय असलेल्या पतीच्या लेखणीला प्रसंगाचा शेवट कुठे करायचा हे नेमके माहीत आहे. पत्नीला ते बंधन नाही. मिशनचे 'डेस्प्रिंग' हे जहाज वर्षातून मोजक्याच वेळा येई, आणि तेच पत्रे नेई, तेच पीठ, तांदूळ आणि औषधे आणी. एवढ्या अंतराने लिहिणाऱ्या बाईंच्या पत्रांत घरातली मुले, आजारपण, हाताखालच्या मुलींचे शिकणे आणि चुकणे, मोठी करमणूक आणि मोठा एकटेपणा हे सगळे एकत्र येते.

त्या एकटेपणाची किंमत नीट समजावी म्हणून थोडे मागे जावे लागेल. मार्गारेटबाई या पेटन यांच्या दुसऱ्या पत्नी. पहिल्या मेरी अ‍ॅन. त्या दोघांनी ५ नोव्हेंबर १८५८ रोजी टान्नावरच्या पोर्ट रेझोल्यूशन येथे पाऊल ठेवले. कॅप्टन कुकने १७७४ मध्ये आपल्या जहाजावरून नाव दिलेले हे बंदर. घर किनाऱ्याच्या सखल जागेवर बांधले. फेब्रुवारीत मेरी बाळंत झाल्या, थंडी-तापाने पछाडल्या आणि ३ मार्चला गेल्या. बाळ २० मार्चला गेले. कबर पेटन यांनी स्वतः खणली. जागा उंचावर घ्यायला हवी होती ही रुखरुख त्यांना कायम राहिली. त्या काळी हा ताप दलदलीच्या दूषित हवेने येतो असे मानत. डासामुळे हिवताप पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी दाखवून दिले ते १८९७ मध्ये. कारण चुकीचे होते, उंच जागेचा सल्ला मात्र बरोबर होता, कारण साचलेल्या पाण्यापासून आणि डासांपासून तेवढेच अंतर पडे.

हे सारे माहीत असताना मार्गारेटबाईंनी १८६४ मध्ये लग्न केले आणि त्याच द्वीपसमूहात संसार थाटला. त्यांना दहा मुले झाली, त्यांतली काही लहानपणीच गेली. जगलेल्या मुलांचा प्रश्न वेगळाच होता, कारण शिक्षणासाठी त्यांना दूर पाठवावे लागे. शेजारच्या अनेइत्युम बेटावर १८४८ पासून काम करणाऱ्या कॅनडाच्या जॉन आणि शार्लट गेडी यांनी आपली मुलगी इंग्लंडमधल्या वॉल्थमस्टोच्या शाळेत पाठवली. ही शाळा मिशनऱ्यांच्या मुलींसाठीच होती, यावरून अशी ताटातूट किती घरांत होत असेल याची कल्पना यावी.

आनिवावर पेटन यांच्या घरी अनाथ मुलेही वाढत होती. एका वर्षी जहाज फार लांबले आणि अन्नाचा तुटवडा इतका झाला की मुले झाडाचा कोवळा पाला खाऊन राहिली. शेवटी गलबत दिसले, सामान उतरले आणि त्यात बिस्किटांचे पिंप होते. मुलांनी ते लोटत लोटत घरापर्यंत आणले, झाकण निघाले, प्रत्येकाच्या हाती एकेक बिस्किट आले, आणि कोणीही ते खाईना. का थांबलात, असे विचारल्यावर आधी आभाराची प्रार्थना व्हायची आहे, असे उत्तर मिळाले. पेटन हा प्रसंग मुलांच्या श्रद्धेचा दाखला म्हणून सांगतात. उपाशी पोरांना ताटापुढे थांबायची ही शिस्त रोजच्या जेवणाला कोणी लावली असेल, हा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारावा.

प्रश्न : या सगळ्याला पैसा कोठून येत असे?

उत्तर : मुख्यतः स्कॉटलंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांकडून. १८६३ मध्ये बांधलेल्या 'डेस्प्रिंग' जहाजासाठी रविवारच्या शाळांतल्या मुलांनी आपले सुटे पैसे दिले होते. ते जहाज १८७३ च्या जानेवारीत अनेइत्युमलाच वादळात फुटले. पण बेटवासीही देणारे होते, हे फारसे सांगितले जात नाही. अनेइत्युमच्या लोकांनी वर्षानुवर्षे आरारूट पिकवले, किसले, धुतले, वाळवले, आणि ते बाहेर विकून आलेल्या सुमारे १,२०० पौंडांत आपल्या भाषेतले बायबल छापून घेतले. नवा करार १८६३ मध्ये आला, जुना करार पूर्ण व्हायला १८७९ उजाडले. आनिवाच्या लोकांनीही आरारूटच्याच पैशांतून पुस्तके छापली.

आनिवाच्या पहिल्या पुस्तकाविषयी एक सांगण्यासारखे आहे. भाषांतराला मदत करणाऱ्या नामाकेईला ते पुस्तक बोलते की नाही याची घाई झाली होती. पुस्तक हातात आले तेव्हा म्हाताऱ्याला अक्षरे दिसेनात. पेटन यांनी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला, आणि आपले हरवलेले डोळे परत मिळाले म्हणून तो लहान मुलासारखा आनंदला. वाचायला तो त्यानंतर शिकला.

प्रश्न : अनेइत्युमच्या चर्चमधल्या स्मृतिफलकावर लिहिले आहे की गेडी १८४८ मध्ये उतरले तेव्हा येथे एकही ख्रिस्ती नव्हता आणि १८७२ मध्ये ते गेले तेव्हा एकही मूर्तिपूजक उरला नव्हता. हा दावा खरा मानावा का? आणि बेटवासीयांचे यात भले झाले का?

उत्तर : धर्मांतरापुरता दावा बराचसा खरा आहे. विधवेला नवऱ्यापाठोपाठ गळा आवळून मारण्याची चाल अनेइत्युमवर होती आणि ती याच काळात बंद पडली. कोणत्याही मापाने हे मोठेच काम होय. मात्र फलक अर्धे सांगतो.

पहिला अर्धा भाग राहिला तो माणसांचा. गेडी दांपत्याच्या आधी १८४१ मध्येच सामोआचे शिक्षक तिथे पोहोचले होते. टान्नावर पत्नी-मुलाला पुरल्यानंतर पेटन यांच्यासोबत टिकून राहिला तो अब्राहाम नावाचा अनेइत्युमचाच शिक्षक. १८५२ पासून बेटाची दुसरी बाजू जॉन आणि जेसी इंग्लिस यांनी सांभाळली. या सर्वांत गेडींच्या पत्नी शार्लट याही आल्या, ज्यांनी मुलींना घरी ठेवून शिकवले. फलकावरच्या त्या प्रसिद्ध वाक्यातला कर्ता मात्र एकवचनी आहे : 'तो' उतरला, 'तो' गेला.

दुसरा अर्धा भाग अधिक जड आहे. बाहेरच्या जगाशी आलेला संबंध रोग घेऊन आला. चंदनाचे व्यापारी मिशनच्या आधीपासून येत होते. १८६०-६१ मध्ये व्यापारी जहाजातून गोवर आला आणि अनेइत्युमवरची सुमारे एक तृतीयांश माणसे गेली. त्याच द्वीपसमूहातल्या एरोमांगो बेटावर हा रोग मिशनऱ्यांनीच आणला असे मानून २० मे १८६१ रोजी जॉर्ज आणि एलेन गॉर्डन या दांपत्याला ठार करण्यात आले. गोवर त्यांनी आणला नव्हता, पण ज्यांच्या घरात रोज प्रेते निघत होती त्यांनी परक्यांत फरक का करावा? पुढे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या मळ्यांसाठी माणसे पळवणे सुरू झाले. पेटन यांनी त्याविरुद्ध जन्मभर आवाज उठवला, हे त्यांच्या जमेला धरायलाच हवे. मात्र १८६५ मध्ये 'क्युरासो' या ब्रिटिश युद्धनौकेने टान्नाच्या गावांवर तोफा डागल्या तेव्हा ते दुभाषे म्हणून नौकेवर होते. त्यांच्यावर तेव्हाच जोरदार टीका झाली आणि खुद्द गेडींनी या प्रकाराचा निषेध केला. मिशनरी म्हणजे सगळे एकाच साच्याचे, असे मानणाऱ्यांनी दोघांमधला हा मतभेद लक्षात ठेवावा.

अनेइत्युमची लोकसंख्या गेडी आले तेव्हा साडेतीन-चार हजार असावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस ती काही शेंवर आली. ज्या चर्चमध्ये तो फलक लागला ते हजार माणसे बसतील असे बांधले होते.

प्रश्न : पेटन दांपत्याचे पुढे काय झाले?

उत्तर : पुढच्या काळात मुक्काम बराचसा मेलबर्नला आणि पेटन यांची भटकंती निधीसाठी जगभर, असे चालले. आनिवाच्या भाषेतला नवा करार १८९९ मध्ये छापून झाला. फ्रेड आणि फ्रँक ही दोन मुले त्याच बेटांवर मिशनरी म्हणून गेली. त्यांतले फ्रँक तर टान्नावरच, जिथून वडिलांना १८६२ मध्ये जीव वाचवून निघावे लागले होते. मार्गारेटबाई १९०५ मध्ये वारल्या, पेटन १९०७ मध्ये. वानुआतूची आजची राजधानी पोर्ट व्हिला येथे पेटन यांच्या नावाचे चर्च आहे. ते मार्गारेटबाईंच्या स्मरणार्थ उभारलेले आहे.